गुडघेदुखी : व्यायाम आणि चालण्याचे नवे शिक्षण



आपल्या कितीतरी माता-भगिनींनी आणि वडीलधाऱ्यांनी उभे आयुष्य अंगमेहनतीत घालवले. आज त्यांचे गुडघे दुखतात. "वय झाले, आता बसून राहा," असे घरचेच त्यांना सांगतात. हा सल्ला प्रेमाचा असला तरी हिताचा नाही, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे.

झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, पातळ होते. या गादीत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, त्यावर भार आला आणि उतरला, की सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो. दुखते म्हणून बसायचे आणि बसल्याने अधिक दुखायचे, हे दुष्टचक्र आपण तोडले पाहिजे.

अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर निम्म्यांना फिजिओथेरपी दिली. वर्षअखेर फिजिओथेरपी घेतलेल्यांचे दुखणे कमी होते व हालचाल अधिक चांगली होती.

व्यायामाला पैसा लागत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच सेकंद धरावा, सावकाश खाली आणावा. असे दहा वेळा. मग हाताचा आधार कमी करत खुर्चीवरून उठावे, बसावे. चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवावे. थोडे दुखले तर घाबरू नये. मात्र दुसऱ्या दिवशी दुखणे वा सूज वाढली, तर प्रमाण कमी करावे.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

चालही नव्याने शिकता येते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६८ रुग्णांची चाल मोजली गेली. त्यांतील एका गटाला पाऊल ५ किंवा १० अंशांनी आत वा बाहेर वळवून चालायला शिकवले. वर्षभरात त्यांचे दुखणे कमी झाले. मात्र कोणाचे पाऊल कोणीकडे वळवायचे, हे प्रत्येकाचे वेगळे असते. चुकीचा बदल केल्यास भार वाढू शकतो. म्हणून तो तज्ज्ञांकडूनच शिकावा.

गुडघा लाल व गरम झाला, ताप आला किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शिक्षणासाठी जे पाय झिजले, त्यांच्यासाठी रोज वीस मिनिटे काढा. आजीला "बस" म्हणू नका; "चल आजी, मी बरोबर येतो," असे म्हणा.