विजेची बचत आणि बक्षिसाचा मोह

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्याचा सारा जन्म शाळेत गेला, त्यास बक्षिसाची महती निराळी सांगावयास नको. एका पेन्सिलीसाठी तीसपर्यंतचे पाढे पाठ करणारी मुले मी पाहिली, आणि पेन्सिल झिजण्यापूर्वी ते पाढे विसरणारीही पाहिली. म्हणूनच खेळाच्या मार्गाने वीज वाचविण्याचे परदेशी प्रयोग मी कुतूहलाने वाचले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २९० घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकविण्यात आल्या. तुमच्या घरी वीज किती लागली व शेजारी सरासरी किती लागते, हे त्यांत लिहिलेले असे. अधिक वापरणारे वरमले; त्यांचा वापर उतरला. परंतु जी घरे मुळातच काटकसरी होती, त्यांचा वापर चक्क वाढला! आपणच का हात आखडावा, असे त्यांस वाटले असावे. मात्र काही चिठ्ठ्यांवर हाताने चेहरा काढला होता. कमी वापरणाऱ्यास हसरा, अधिक वापरणाऱ्यास रुसलेला. ज्यांस हसरा चेहरा मिळाला, त्यांची काटकसर ढळली नाही. शाईच्या चार रेघांत एवढे बळ!

ब्रिटनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात दुसरी युक्ती योजिली गेली. मागणी कळसास पोहोचते अशा नेमक्या वेळी वापर कमी करणाऱ्यांस मोबदला देण्यात आला. त्या एका हिवाळ्यात १६ लाखांवर घरे व व्यवसाय सहभागी झाले. तेथे वीज किती जळते यापेक्षा कोणत्या घटकेस जळते, यास महत्त्व होते.

आपल्या मंडळाने कुटुंबांत अशी स्पर्धा योजावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. तीस माझा पाठिंबा आहे. परंतु दोन गोष्टी बजावतो. नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबाची तुलना दोघांच्या बिऱ्हाडाशी करणे हा शुद्ध अन्याय होय. प्रत्येक घराने आपल्याच गतवर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी झुंजावे. दुसरी गोष्ट हिशेबाची. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळतो तेव्हा एक युनिट होते. दोन हजार वॅटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासात गिळतो. मुलांनी दिव्यांमागे धावावे आणि वडिलांनी गीझर चालू ठेवून वर्तमानपत्र वाचीत बसावे, हा खेळ मला मान्य नाही.

आणखी एक. घरात बोलण्याचा अधिकार ज्यांस कमी, काटकसर प्रथम त्यांच्यावर लादली जाते. वैशाखात आजीच्या खोलीतील पंखा बंद करून मिळविलेले बक्षीस मंडळाने देऊ नये. साधा पंखा पाऊण शतक वॅट घेतो, असे धरा. आजीची रात्रभराची झोप युनिटभरही होत नाही. नियमावलीत हे कलम पहिले असावे. बक्षिसाची रक्कम खजिनदारांनी ठरवावी. माझ्या मते प्रशस्तिपत्रक पुरे, आणि ते घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावे.