गोठ्यांतील शेण आणि खडकांवरील हिरवळ

गोरेगांवच्या आरे कॉलनींत उभें राहिलें, तर दृष्टीस पडतात टेकड्या, कुरणें आणि म्हशींचे गोठे. मुंबईंतील विखुरलेले तबेले बाहेर हलवून लोकांस निर्भेळ दूध मिळावें, या हेतूनें १९४९ सालीं दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें ही वसाहत वसविण्यांत आली. तिच्या संदर्भांत समुद्रशेवाळाची गोष्ट काढणें श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु ओशिवरा नदी आरेच्याच परिसरांत उगम पावते, ती मालाडच्या खाडीस मिळते, आणि खाडीचें तोंड वर्सोवा व मढ यांच्यामध्यें समुद्राकडे उघडतें. गोठ्यांत धुतलेलें शेण नाल्यास लागलें, कीं त्याची वाट ठरलेलीच.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं हिरव्यागार चिंध्यांसारखें जें शेवाळ दिसतें, तें उल्वा. त्याचें पान जाडीनें अवघ्या दोन पेशींचें! त्यास मुळें नसतात. खडकास चिकटून राहण्यापुरती एक बारीक चकती असते. पाण्यांतील अन्न तें सर्वांगानें शोषून घेतें. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्गेसन १९२७-२८ मध्यें हिंदुस्थानांत आले होते. मुंबई इलाख्यांतील हिरव्या शेवाळांवर त्यांनीं १९३० पासून लेख प्रसिद्ध केले. नांवाची मात्र मोठी गंमत आहे. लिनियसनें १७५३ सालीं ‘उल्वा लॅक्टुका’ हें नांव दिलें, आणि युरोपांतील पंडित तें आपल्या थंड समुद्रांतील शेवाळास लावीत आले. २०१९ सालीं मूळ नमुना तपासला, तों तो उष्ण समुद्रांतील, उल्वा फॅसिएटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचा निघाला!

सर्वांगानें खाणाऱ्या या वनस्पतीस नत्र अतिशय प्रिय, आणि शेणांत नत्र भरपूर. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत गुरें व डुकरें फार. तेथील शेतांतलें खत पावसाबरोबर उथळ उपसागरांत उतरतें. मग उल्वा बेसुमार माजतें, किनाऱ्यावर त्याचे ढीग साचून कुजतात आणि विषारी वायु सुटतो. २००९ सालीं अशा ढिगांत रुतून एक घोडा मेला. स्वार बेशुद्ध पडला, पण वांचला.

मालाडच्या खाडीचें पाणी गढूळ. तळाशीं ऊन पोंचत नाहीं, चिखलांत चकतीस आधारही मिळत नाहीं; म्हणून तेथें ब्रिटनीसारखी अवस्था दिसत नाहीं. पण नत्र त्यामुळें नाहींसें होत नाहीं; तें भरती-ओहोटीबरोबर पुढें जातें. तेंच शेण गोबरगॅसच्या टाकींत घातलें, तर चूल पेटते आणि उरलेला राडा शेतास खत होतो. मात्र त्यासाठीं तें गोठ्याच्या दारांतच अडवावें लागतें.

पावसाळ्यांतील लाटा खडकांवरील उल्वाचीं पानें फाडून नेतात. चकती तेवढी शाबूत राहिली, कीं तिच्यांतून पुन्हा नवें पान फुटतें.