जुन्या तबकड्यांचा खरा सूर

एकलहऱ्यास आज वीज निर्माण होते. पण घरोघरी प्रथम गाणे पोहोचविणाऱ्या फोनोस विजेची गरज नसे, चावी पुरे. त्या काळच्या लाखेच्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांची संस्थाच मुंबईत 1990 साली स्थापन झाली. तथापि तबकडी हाती आली म्हणजे काम संपले, असे नव्हे. 78 फेऱ्यांच्या म्हणविणाऱ्या पुष्कळ प्रारंभीच्या तबकड्या प्रत्यक्षात निराळ्याच गतीने मुद्रित झाल्या आहेत. 74 फेऱ्यांची तबकडी 78 वर लावली, की सूर सुमारे अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी चारचा गवई काळी तीनचा भासतो, आणि गळाही उगाच बारीक होतो. अब्दुल करीम खाँ 1905 साली कर्ण्यापुढे गाइले, पुढे 1934 नंतर मायक्रोफोनपुढे. या दोन काळांतला त्यांचा आवाज ताडून पाहावयाचा, आणि यंत्राची गतीच चुकीची! सुरासाठीच ज्यांची ख्याती, त्यांच्यावर हा केवढा अन्याय! साथीस पेटी असेल तर ती उत्तम साक्षीदार. तिचा स्वर ठरलेल्या पट्टीवर येईपर्यंत जाणता संग्राहक गती कमीअधिक करीत बसतो. भास्करबुवा बखले 1922 साली वारले. त्यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. तेथे गती सुधारावयाची तरी कशाची?