बाटली आधी कोणाची होती?



मे महिन्यात आपल्या कोकणात दोन गोष्टी एकदमच होतात. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, आणि रातांबे पिकतात. चाकरमानी परत निघाला की त्याला रिकाम्या हाताने कसे धाडायचे? कोणी फणसपोळी देतो, कोणी कुळथाचे पीठ देतो. पण अमृत कोकमाची बाटली मात्र घरोघरी देतात.

अमृत कोकम कसे करायचे हे इथल्या बायकांना आम्ही काय शिकवणार! पण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकलेले रातांबे धुवावे, पुसून कोरडे करावे. मधोमध कापून आतला गर व बिया काढाव्या. त्यांचे मीठ घालून आगळ होते. सालींच्या वाट्या साखरेने भराव्या. एक किलो सालींना दोन किलो साखर धरावी. साखरेत काटकसर करू नये, कारण रस टिकतो तो साखरेवर. वाट्या बरणीत रचून वर दादरा बांधावा. आठ दिवस उन्हात ठेवावी. रोज कोरड्या लाकडी डावाने ढवळावे. साखर विरघळली, लालभडक रस सुटला, की गाळून घ्यावा. चवीला मीठ व जिऱ्याची पूड घालावी.

इथवर सगळ्यांचे बरोबर असते. चुकते ते पुढे, बाटलीत.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. एका वर्षी काकीने बाटल्या गोळा केल्या. फळीवरच्या काढल्या, माळ्यावरच्या काढल्या. मांगरात एक तपकिरी बाटली मिळाली. जाड काच, घट्ट झाकण. काकी खूश झाली. तिने ती राखेने घासली, तीनदा धुतली. वास घेतला, तर वास काही नाही. ही बाटली लेकीच्या सासरी द्यायची, असे तिने ठरवले. रस ओतणार, एवढ्यात आमचा थोरला भाऊ बागेतून आला.

"काकी, ही कुठं मिळाली तुला?"

"मांगरात. का रे?"

"ठेव ती खाली! कलमांवर फवारायचं औषध होतं तिच्यात."

काकी मटकन खालीच बसली. लेकीच्या घरात दोन लहान पोरे होती.

अशी बाटली कितीही धुवा, ती खाण्यापिण्याच्या कामाची नाही. तिच्या चिठ्ठीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून चालेल, असे कोणी म्हणू नका. हिरव्यातही विष आहेच. चिठ्ठी निघून गेली तर काकीसारखी फसगत होते. म्हणून औषध संपले की बाटली त्याच दिवशी मोडून, घरांपासून व पाण्यापासून दूर पुरावी. फिनेलची, रॉकेलची बाटलीही नको. आधी काय होते हे ठाऊक नाही, तीही नको.

सरबताची, मधाची बाटली चांगली. ती सोड्याच्या गरम पाण्याने आतून घासावी. मग पातेल्यात तळाला फडके घालावे. बाटल्या गार पाण्यात बुडवून पाणी तापवावे. उकळी आल्यावर दहा मिनिटे ठेवावे. एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर काच तडकते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उकळता येत नाहीत, त्या घेऊच नका. मग बाटल्या पालथ्या घालून पुऱ्या वाळवाव्या. आत पाणी राहिले तर रस आंबतो, फसफसतो. एकदा एस.टी.त आमच्या पिशवीतल्या बाटलीचे बूच उडाले होते. शेजारच्या बाईंचे पांढरे लुगडे! पुढचे सांगत नाही.

झाकण गंजके नको. कोकम आंबट, ते लोखंडाला खाते. वर बोटभर जागा सोडावी.

आणि चिठ्ठी लावावी. आमची काकी साठीच्या पुढे अक्षरे शिकली. आता चिठ्ठ्या तीच लिहिते: "अमृत कोकम. मे महिना. पेलाभर पाण्याला तीन चमचे." पहिल्या वर्षी 'पेला'चा काना राहून गेला होता. जावयाने फोन करून विचारले, "पेल म्हणजे काय हो?" काकी अजून हसते.

गणपतीला लेक आली की रिकामी बाटली परत आणते. काकी ती उजेडात धरून बघते आणि फळीवर ठेवते.