सुट्टीची घंटा

(बोरीवली येथे पालक व शिक्षकांसमोर झालेले भाषण)



२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला मात्र जेमतेम ७४. बोरीवलीच्या पालकांनी या दोन आकड्यांतील तफावत नीट ध्यानी घ्यावी. फोर्टच्या कचेरीत बसलेल्या वडिलांना खिडकीबाहेर नेहमीचा आषाढातला पाऊस दिसत होता आणि त्याच वेळी उपनगरे पाण्याखाली जात होती. लोकल थांबल्या, दूरध्वनी मुके झाले. मुलांविषयीचा निर्णय त्या दुपारी पालकांच्या हाती उरलाच नाही. तो शाळांना घ्यावा लागला.

पावसाने रौद्र रूप धारण केले ते अडीचच्या सुमारास, दुपारच्या सत्राची मुले वर्गात असताना. अशा वेळी शाळेला प्रथम सुचते ते सुट्टी देणे. हेतू शुद्धच असतो. लेकरू आपल्या माणसांत जावे, एवढाच. परंतु शाळा सुटली म्हणजे मूल घरी पोहोचले, असे होत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू पावले. शहर ठाऊक असलेल्या प्रौढाची ही गत, तर दहा वर्षांच्या मुलाची काय कथा!

बोरीवलीच्या पाण्याचा स्वभावही ओळखला पाहिजे. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर या वस्त्यांतून मनोरीच्या खाडीकडे जाते. नदी लहान, उतार तीव्र. त्यामुळे डोंगरावरचे पाणी पाहता पाहता वस्तीत येते. खाडीला भरती असली की त्याची वाट अडते. पण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येतेच. इमारत भक्कम आणि वरचा मजला कोरडा असेल, तर मुलांना तेथेच ठेवणे, प्रसंगी रात्रभर ठेवणे, हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

मात्र थांबणे वेगळे आणि घुटमळणे वेगळे. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील ओकावा येथील प्राथमिक शाळेत भूकंपानंतर मुलांना सुमारे ५० मिनिटे पटांगणातच बसवून ठेवले गेले. शाळेमागे टेकडी होती. पण कोणत्या उंच जागी जायचे, हे आधी ठरलेले नव्हते. त्सुनामीने ७४ मुले आणि १० शिक्षक नेले. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

म्हणून जागा जूनमध्येच ठरावी. तळमजल्यावरील वर्ग कोणत्या जिन्याने, कोणत्या क्रमाने वर जातील. विजेचा मुख्य खटका कोण बंद करील. छतावरील टाकी भरून ठेवणे कोणाकडे. तळघरातील टाकीत पुराचे पाणी शिरले की ते पिण्याजोगे राहत नाही, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, विजेऱ्या, चादरी, औषधे हे सारे वरच्या मजल्यावर हवे. बऱ्याच ठिकाणी ते तळमजल्यावरच्या कपाटात असते! महापालिका पावसाळ्यातील मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी शिक्षकांच्या खोलीत लावावी आणि त्या दिवशी पावसाचा अंदाज असल्यास सत्र सुरू होण्यापूर्वीच निर्णय घ्यावा.

सर्वांत नाजूक प्रश्न मूल सोपवण्याचा. पुराच्या दिवशी मदतीला धावणारे पुष्कळ असतात, ही या शहराची पुण्याई. परंतु अनोळखी हाती मूल देणे हा पुराइतकाच मोठा धोका आहे. प्रत्येक मुलामागे शाळेजवळ राहणाऱ्या दोन माणसांची नावे पालकांनी हजेरीपटाला जोडून द्यावीत. सही घेतल्याविना मूल सोडू नये. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि परिसरातील स्वयंसेवक यांनीही मुख्याध्यापकांना पावसाळ्याआधीच भेटून ओळख द्यावी.

आणि हे सारे कागदावर राहू नये. जूनच्या एखाद्या दुपारी, पूर्वसूचना न देता, तळमजल्यावरील मुलांना वर न्यावे, हजेरी घ्यावी आणि किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहावे. पहिल्या खेपेला गोंधळ होईल, चिमुकली रडतील, एखादा वर्ग चुकीच्या जिन्यावर सापडेल. तो गोंधळ उन्हात झालेला बरा.