पिलू नर की तलंग?



आज आपण कोंबडीच्या पिलांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, कोंबड्या तर आमच्या दारात जन्मभर आहेत, त्यात शिकायचं काय? आम्हीही असंच म्हणत होतो. पण आमच्या वर्गातल्या एका बाईंची फसगत झाली, आणि आमचे डोळे उघडले.

त्या बाईंनी बचत गटातून कर्ज काढलं. दारावर पिलं विकणारा आला होता. त्याच्या पाटीत पिवळीधमक पिलं चिवचिवत होती. तो म्हणाला, "लेगहॉर्न जात आहे, ताई. सगळ्या माद्या आहेत. सहा महिन्यांनी नुसती अंडी मोजा." बाईंनी २० पिलं घेतली. मादी म्हणून भावही जास्त दिला. कण्या घातल्या, भरडा घातला, रात्री मांजरापासून राखलं. तीन महिने झाले, आणि एका पहाटे डालग्याखालून बांग ऐकू आली! दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आरवले. वीसच्या वीस नर निघाले. अंडं एक नाही, आणि गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा.

असं कसं झालं? घरची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, तर साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या निघतात. वीसच्या वीस नर हा काही योगायोग नव्हे. मोठ्या उबवणी केंद्रात अंड्यांच्या जातीची पिलं पहिल्याच दिवशी निवडतात. माद्या अंड्यांच्या धंद्याला जातात. नर अंडी देत नाहीत, आणि या जातीच्या नरांच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. म्हणून त्यांना किंमत नसते. अशी पिलं कुणी रंगवून विकतो, कुणी मादी म्हणून विकतो.

मग पहिल्या दिवशी ओळखतात तरी कसं? त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत जपानची. मासुई आणि हाशिमोतो या दोघांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती शोधली. पिलाचं शेपटीखालचं छिद्र हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा पाहायचा. हे काम पुष्कळ सरावाचं आहे. घरी करून पाहू नका. कोवळं पोट दाबलं गेलं तर पिलू हकनाक मरेल.

दुसरी रीत पंखांची. पंख उघडला की कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात. मादीत एक ओळ लांब, एक आखूड असते. नरात दोन्ही ओळी जवळपास सारख्या असतात. हा फरक पहिले दोन-तीन दिवसच दिसतो.

तिसरी रीत रंगाची. पट्ट्यापट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी आणि तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा यांची पिलं काळी निघतात. ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर.

पण ध्यानात ठेवा. पंखांची आणि रंगाची रीत ठराविक आईबापांची जोडी लावली असेल तरच लागू पडते. आपल्या दारच्या सरमिसळ गावठी पिलांना ती लागू नाही. त्यांची नर-मादी पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काही जण म्हणतात, टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोल अंड्यातून मादी. हेही खरं नाही. एका कोंबडीची अंडी बहुधा एकाच घडणीची असतात, तरी त्यांतून नर आणि मादी दोन्ही निघतात की नाही?

आता आपल्याला जमेल अशी रीत ऐका. ती म्हणजे धीर धरणं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका वयाची, एका जातीची पिलं शेजारी ठेवा. नराचा तुरा मोठा आणि लाल दिसू लागतो. चोचीखालच्या पाळ्याही लाल होतात. पाय जाड असतात. तलंगेचा तुरा लहान आणि फिकट राहतो. तिसऱ्या महिन्यात मानेची आणि पाठीच्या टोकाची पिसं पाहा. नराची पिसं लांब, टोकदार आणि चकचकीत होतात. तलंगेची गोल टोकाची राहतात. पुढे नर आरवायला लागतो. कोंबडं झाकून ठेवलं तरी अखेर कळतंच!

जातीचंही असंच. लेगहॉर्नचं पिलू पिवळं असतं, मोठेपणी पांढरं होतं. पण पिवळं पिलू म्हणजे लेगहॉर्नच असं नाही. मांसाच्या ब्रॉयलरचं पिलूही पिवळंच असतं. असील उंच असते. तिची मान लांब आणि तुरा आखूड, डोक्याला चिकटलेला. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची कातडी, पाय आणि तुराही काळपट असतो. पण तिच्या संकरातही काळी कातडी उतरते. तेव्हा काळं पिलू दिसलं म्हणून अस्सल कडकनाथचा भाव देऊ नका. आणि तिची अंडी काही काळी नसतात, बरं का! फिकट तपकिरी असतात.

मग जात कशावरून ठरवायची? पिलू कुठून आलं त्यावरून. पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत. पिलं तिथून घ्या, नाहीतर खात्रीच्या केंद्रातून घ्या. पावती मागा. तिच्यावर जातीचं नाव, अंड्यातून निघाल्याची तारीख आणि नग पाहा. माद्या निवडलेल्या आहेत की नर-मादी मिश्र, तेही लिहून घ्या. आणि अंगठा उठवण्याआधी, म्हणजे आता सही करण्याआधी, सगळं वाचा. यासाठीच तर आपण संध्याकाळी पाटी घेऊन बसतो.

त्या बाईंनी यंदा पुन्हा २० पिलं आणली, गिरिराज जातीची. पावतीवर 'मिश्र' असं होतं. त्यांनी ते स्वतः वाचलं आणि मिश्राचाच भाव दिला. सहाव्या आठवड्यात तुरे पाहून वहीत लिहिलं: नर ११, तलंगा ९. नर वाढवून विकायचे, तलंगा अंड्यांसाठी ठेवायच्या, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. नर विकून दोन हप्ते फिटले. तलंगा आता खुराड्यात जागा शोधू लागल्या आहेत.

पहिल्या वेळी बाई दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून पिलं घेत होत्या. आता पावतीकडे आणि पिलाकडे पाहून घेतात. तुम्हीही तसंच करा.

राम राम.