वाचा गेली, म्हणून समज गेली काय?



अर्धांगवायूने घरच्या वडीलधाऱ्या माणसाची वाचा गेली, की "आता यांना काही कळत नाही," असे आपण सहज म्हणून जातो. हा समज किती घातक आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण होता. वर्षानुवर्षे त्याच्या तोंडून "तां" या अक्षराखेरीज जवळजवळ काही निघेना. तथापि बोललेले बहुतेक त्यास समजे. संख्या तो बोटांनी दाखवी. १८६१ साली तो वारल्यावर डॉ. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तो डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दाखविले, की डाव्याच बाजूचा, कानाच्या वरचा व मागचा भाग दुखावल्यास माणूस घडाघडा बोलतो, पण त्यास अर्थ नसतो व इतरांचे बोलणेही उमगत नाही. सारांश, बोलणे व समजणे यांचा कारभार मुख्यतः निरनिराळ्या ठिकाणांहून चालतो.

म्हणून मुक्या रुग्णाच्या उशाशी मरणाच्या व वाटणीच्या गोष्टी करू नयेत. लहान वाक्यांत, सावकाश बोलावे. होय-नाही खुणेने विचारावे. तोंड वाकडे होताच वा जीभ अडखळताच त्वरित इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

एवढे ध्यानी धरावे, ही विनंती.